तीन मिनिटांत अंजनवेल

गळ्यात नावाची पट्टी अडकवली की माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं सोडून छातीकडे बघू लागतात. मुंबईत सामाजिक संस्था आणि सोशल आंत्रप्रन्युअर यांच्यासाठी जे कार्यक्रम होतात, तिथली पहिली काही मिनिटं अशीच जातात. वर नाव, खाली संस्था, त्याखाली एक रंगीत ठिपका. ठिपका हिरवा असेल तर तुम्ही पैसे देणारे, निळा असेल तर मागणारे. रंग दर ठिकाणी बदलतात, वाटणी तीच. निळा ठिपका दिसला की हिरव्या ठिपक्याच्या माणसाला अचानक फोन येतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मीच त्याच्यासाठी बाजूला सरकते.

नाटकाचं परीक्षण येतं. सिनेमाचं तर पहिला खेळ सुटायच्या आधी येतं. या कार्यक्रमांचं परीक्षण मात्र कुणी लिहीत नाही, फक्त फोटो टाकतात. वास्तविक तो आता पक्का बसलेला प्रयोग आहे. ठरलेला रंगमंच (दोन सोफे, मध्ये कुंडी, मागे क्यूआर कोड), ठरलेली पात्रं, टाळ्यांच्या ठरलेल्या जागा. आधी एक मोठं माणूस बोलतं. मग चौघांचं पॅनेल. त्यात तिघं एकमेकांशी सहमत असतात आणि चौथा ‘मी जरा वेगळा मुद्दा मांडतो’ म्हणून तेच सांगतो. मग पिच, म्हणजे प्रत्येकी तीन मिनिटं. मग नेटवर्किंग, म्हणजे उभ्याने जेवण. भाषा इंग्रजी, मधेमधे हिंदी. मराठी ऐकू येते ती ताटं उचलणाऱ्यांकडून आणि लिफ्टमध्ये.

लहान संस्थांना अर्ज आणि अहवाल लिहून देणं हे माझं काम, म्हणून गेल्या पाचेक वर्षांत असे वीस-बावीस प्रयोग बघणं झालं. त्यातले बरेच लोअर परळला, जिथे गिरण्या होत्या त्या जागेवरच्या काचेच्या इमारतींत. या आवारांत एकेकाळी आमच्या कोकणातली माणसं तीन पाळ्यांत राबत होती. आता त्याच आवारात कोकणातल्या माणसांसाठी काय करता येईल यावर चर्चा होते आणि चर्चेला बसायला खुर्ची मिळावी म्हणून दोन आठवडे आधी फॉर्म भरावा लागतो.

हे सगळं मुंबईतच का, याचं उत्तर साधं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झालं. कारखाना कुठेही असो, खर्चावर सही करणारी समिती मुख्य कार्यालयात बसते. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्या असंही त्याच कलमात म्हटलंय, आणि मुख्य कार्यालय हाही एक परिसरच झाला. त्यामुळे गुहागर तालुक्यातल्या शाळेला पैसे हवे असतील तर शाळेची गोष्ट आधी रात्रीच्या गाडीने मुंबईला यावी लागते. ती कुणी आणायची आणि वाटेत तिचं काय होतं, हा खरा प्रश्न आहे.

वाटेत तिचं पिच होतं. पिच हा एक साहित्यप्रकार आहे असं मी मानते, आणि तो चांगला वाढलेला नाही. त्याचा सांगाडा तुम्हाला पाठ असेल. आधी एक बाई किंवा मूल, नावासकट, दुःखासकट. मग ‘अशा लाखो आहेत’. मग ‘म्हणून मी नोकरी सोडली’. मग उपाय, मग एक आकडा, मग ‘पन्नास लाख मिळाले तर पाच जिल्हे’. यात गाव कुठे येतं? फक्त पहिल्या स्लाइडवर, ‘आधी’च्या फोटोत. गावाला स्वतःची काही अक्कल आहे, त्याने याआधी काही करून पाहिलंय, एखादी गोष्ट त्याला नकोच आहे, यातलं काहीही त्या सांगाड्यात मावत नाही. गावात काहीच नव्हतं, हे दाखवल्याशिवाय नायकाला आत शिरायला दारच मिळत नाही. वाईट लिहिलेल्या कादंबरीतही निदान खलनायक असतो. पिचमध्ये तो नसतो, कारण तो कदाचित दुसऱ्या रांगेत बसलेला असतो.

आणि शब्द. ‘इकोसिस्टिम’ हा शब्द मी एका संध्याकाळी मोजला होता, एकतीस वेळा आला. आमच्याकडे खाडी आहे, तिवरं आहेत, निवट्या आहेत. त्या संध्याकाळी या शब्दाचा अर्थ मात्र एकमेकांना ओळखणारी माणसं एवढाच होता. ‘स्टेकहोल्डर’ म्हणजे ज्याला विचारायला हवं होतं तो. ‘कम्युनिटी’ म्हणजे जे हॉलमध्ये नाहीत ते.

मी अंजनवेलची, हे सांगायचं कारण असं की या भाषेचा सगळ्यात खर्चिक प्रयोग आमच्या गावावर झालेला आहे. दाभोळ खाडीच्या मुखाशी, दक्षिणेच्या काठावर आमचं गाव. गोपाळगड, टाळकेश्वराचं देऊळ, दीपगृह. जून १९९२ मध्ये एन्रॉनची माणसं महाराष्ट्रात आली आणि पाचसहा दिवसांत, २० जूनला, सामंजस्य करारावर सह्या झाल्या. प्रकल्पाची जमीन गेली ती अंजनवेल, वेलदूर, रानवी या बाजूच्या गावांची, गुहागर तालुक्यातली. कंपनीचं नाव मात्र पडलं दाभोळ पॉवर कंपनी. दाभोळ खाडीच्या पलीकडे आहे, दापोली तालुक्यात. नकाशावर आधीपासून असलेलं, बंदर म्हणून परक्यांनाही ठाऊक असलेलं नाव सोयीचं पडलं असेल. पण पुढची तीस वर्षं जगभर जे काही लिहिलं गेलं त्यात आम्ही दाभोळ झालो. पहिल्या स्लाइडवर गावाचं नाव बदलतं, हे मला म्हणूनच नवीन नाही.

१९९५ साली एन्रॉनच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीपुढे सांगितलं, की कंपनीने भारतातल्या लोकांना या विषयात ‘शिक्षित’ करण्यावर आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर मिळून सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. ते शिक्षण नक्की कुणाचं झालं यावर आपल्याकडे बराच गदारोळ झाला. आज ते विधान वाचताना मला वेगळीच गंमत वाटते. हल्लीच्या अर्जात त्यासाठी रकाना आहे, ‘कपॅसिटी बिल्डिंग’ नावाचा. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून पैसे द्यायला नकार दिला होता, म्हणजे हिशेब बघणाऱ्याला तो दिसत होता. गावातल्यांनी मोर्चे काढले. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरमध्ये पोलीस मच्छीमारांच्या घरांत शिरले, बायकांना मारहाण झाली, अटक झाली. ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ च्या अहवालात ते सविस्तर नोंदवलंय. त्याच काळात फॉर्च्यून मासिक एन्रॉनला अमेरिकेतली सगळ्यात नावीन्यपूर्ण कंपनी म्हणत होतं, १९९६ ते २००१ ओळीने सहा वर्षं. कंपनीची चौसष्ट पानी आचारसंहिता होती आणि चार मूल्यं होती: आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये चालू झाला, मे २००१ च्या अखेरीस बंद पडला, डिसेंबरात कंपनीने दिवाळं काढलं.

एन्रॉन आणि कुपोषणावर प्रामाणिकपणे काम करणारी एखादी चार माणसांची संस्था यांना मी एका तागडीत घालत नाहीये. एवढंच म्हणतेय, की चार मूल्यं सुंदर अक्षरांत पडद्यावर आली की हॉलमधल्या बाकीच्यांना जे वाटतं ते आमच्याकडच्या माणसाला वाटत नाही. ‘इनोव्हेशन’ ऐकलं की आम्हाला कुंपण आठवतं.

आता दुसरा प्रयोग. मुंबईत जाऊन गावासाठी पैसे उभे करायची रीत कोकणाने केव्हाच बसवलेली आहे आणि तिच्यात गळ्यात पट्टी नसते. ना. म. जोशींनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने, कामगारांमध्ये काम. आजच्या शब्दांत हा या शहरातला एक जुना नॉनप्रॉफिट. परळचं दामोदर नाट्यगृह लीगचंच, १९२२ चं. या नाट्यगृहात कोकणातल्या गावांच्या मुंबई मंडळांनी नमन केलं, शक्ती-तुऱ्याचे सामने लावले, गावच्या होतकरू लेखकांची नाटकं केली. तिकिटाला तिकीट म्हणायचं नाही, देणगी प्रवेशिका म्हणायचं. खाली छापलेलं असायचं: शाळेच्या इमारतीसाठी, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, पाखाडीसाठी. समोर बसलेला प्रेक्षक त्याच गावचा किंवा शेजारच्या गावचा, दाता तोच, आणि मे महिन्यात घरी गेल्यावर त्या पाखाडीवरून चालणाराही तोच. संकासूर स्टेजवर येऊन मंडळाच्या अध्यक्षाची टिंगल करून जायचा ते वेगळंच. कुठल्या पॅनेलवर प्रायोजकाची अशी टिंगल झालेली मी पाहिलेली नाही. (नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी दामोदर बंद झालं तेव्हा लोककलावंत रस्त्यावर उतरले. बातम्यांत तो नाट्यगृहाचा प्रश्न म्हणून आला. तो निधी उभारण्याच्या जागेचाही होता.)

या रीतीचा गाभा मात्र नमनात नसतो, तो नंतरच्या सभेत असतो. शाळेचा वर्ग किंवा कुणाच्या चाळीतली गावकीची खोली, सतरंजी, अहवालाच्या झेरॉक्स. वर्गणीदारांची यादी नाव आणि रकमेसकट, एकशे एक रुपयावाल्यासकट. जमेची बाजू, खर्चाची बाजू. आणि मग मागच्या भिंतीला टेकलेला कुणी नाना उठतो आणि विचारतो, सिमेंटच्या गोणी किती आल्या? ऐंशी लिहिल्यात, मी गणपतीला गेलो तेव्हा पन्नासच उतरवलेल्या. त्यानंतर दीड तास गोणी. कंटाळवाणं, भांडखोर, एकही फोटो काढावासा वाटणार नाही असं. पण या हॉलमध्ये ‘दोन हजार महिलांचं सक्षमीकरण’ असं म्हणून बघा. लगेच आवाज येईल, कोणाकोणाचं? नावं सांग.

सेबीने २०२२ मध्ये सोशल स्टॉक एक्स्चेंजचे नियम केले. त्यात संस्थांना पैसे उभारायला एक साधन आहे, झीरो कूपन झीरो प्रिन्सिपल. म्हणजे व्याज शून्य आणि मुद्दलही परत नाही. एका सत्रात एक तज्ज्ञ ते अर्धा तास समजावत होते. आमच्याकडे त्याला वर्गणी म्हणतात. फरक एवढाच, की या वर्गणीसाठी किमान एक कोटी उभारावे लागत होते आणि २०२३ च्या शेवटी ती अट पन्नास लाखांवर आली. पन्नास लाखांत आमच्या गावात काय काय झालं असतं याची यादी मी त्या अर्ध्या तासात केली. ती इथे देत नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, गावाकडचं ते सगळं खरं आणि शहरातलं ते सगळं खोटं, असा हा लेख आहे. मंडळाच्या सभा मी बाईच्या जागेवरून पाहिल्यात. ती जागा दाराजवळ असते, चहाच्या बाजूला. बायकांसाठी हळदीकुंकू, दहावीच्या मुलींसाठी गुणगौरव आणि रांगोळी स्पर्धा. मत मागितलं जात नाही. मंडळं वाडीवार, आणि वाडी म्हणजे बहुतेक वेळा जात. अंजनवेलचा पैसा असं काही नसतं, अमक्या वाडीचा पैसा असतो. देवळाच्या कळसाला चार महिन्यांत रक्कम जमते, बायकांच्या शौचालयाचा विषय ‘पुढल्या सभेत’ जातो. आणि जी गावकी हिशेब विचारते तीच गावकी माणसाला वाळीतही टाकते. कोकणातून अशा तक्रारी वर्षानुवर्षं आल्या, राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला आणि तो २०१७ मध्ये लागू झाला. नानांचा गोण्यांचा प्रश्न आणि वाळीत टाकण्याचा ठराव एकाच सतरंजीवरून उठतात. सगळे सगळ्यांना ओळखतात, ही त्या सभेची ताकद आणि तोच तिचा जाच.

म्हणून अनोळखी लोकांनी भरलेला तो काचेचा हॉल मला वाटतो तितका फालतू नाही. ज्या मुलीला गावात कुणी बोलू देणार नाही, तिला तिथे तीन मिनिटं का होईना माइक मिळतो. तिचं आडनाव ऐकून कुणी वाडी शोधत नाही. दोन-तीन मुलींना मी तिथे पहिल्यांदा ताठ उभं राहिलेलं पाहिलंय आणि ते खोटं नव्हतं. प्रश्न माइकचा नाही, माइक हातात आल्यावर काय बोलायचं हे आधीच लिहून ठेवलेलं असतं, त्याचा आहे.

आपल्याकडे अधलेमधले प्रकारही आहेत. लोकसत्ताचा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवात दरवर्षी दहा संस्थांची ओळख छापतो, वाचक धनादेश पाठवतात. तिथे निदान लेख आहे, परिच्छेद आहेत, अडचणीला जागा आहे, आणि वाचणारा आपल्या घरात बसून ठरवतो, टाळ्यांच्या दाबाखाली नाही. पुण्यात पितृपंधरवड्यात ‘देणे समाजाचे’ प्रदर्शन भरतं. संस्था स्टॉल मांडून बसतात, माणसं पिशव्या घेऊन फिरतात, वाडवडिलांच्या नावाने पावती फाडतात. स्टॉलवर कुणीही कितीही वेळ उभं राहून काहीही विचारू शकतं. निवृत्त शिक्षकांचे प्रश्न तर परीक्षकांपेक्षा कठीण असतात. या दोन्हींत देणारा फारसा मोठा नाही, त्यामुळे मागणाऱ्याला फार वाकावं लागत नाही. मला वाटतं, फरक बराचसा इथेच पडतो. पण हेही खरं, की एका धनादेशावर जेट्टी दुरुस्त होत नाही. मोठा पैसा हिरव्या ठिपक्यांकडेच आहे आणि तो नको म्हणायची ऐट मला परवडत नाही. माझा पगार त्यातूनच निघतो.

खाडीपट्ट्यातल्या एका मुलीचं पिच मी मागच्या वर्षी जवळून पाहिलं. मासळी सुकवणाऱ्या बायकांबरोबर ती काम करते. वाळूवर सुकवण्याऐवजी कंबरभर उंचीच्या मांडणीवर जाळी ताणायची, वर पारदर्शक छप्पर, म्हणजे सोडे आणि सुकट स्वच्छ राहते, कुत्री-कावळे येत नाहीत, दर बरा मिळतो. तालमीत तिच्या मार्गदर्शकाने सांगितलं, सुरुवात आजीपासून कर. आजीचे हात दाखव, भेगा दाखव. ती म्हणाली, आजीचे हात चांगले आहेत, ती अजून मला मारते. सगळे हसले आणि स्लाइडवर कुणा दुसऱ्याच आजीचे हात आले, फोटोंच्या साइटवरून घेतलेले. लाभार्थी: दोन हजार. हा आकडा कुठून आला असं मी विचारलं तर कळलं, साच्यात तीन शून्यांच्या खाली ठीक दिसत नाही.

पिच होण्याआधी तेच सादरीकरण तिने गावात करून पाहायचं ठरवलं, माझ्या आग्रहाने थोडं आणि स्वतःच्या हट्टाने जास्त. समाजमंदिरात, भिंतीवर चादर लावून. समोर पस्तीसेक बायका. तिसऱ्या स्लाइडला पहिला प्रश्न आला. बाय, जाळी आमच्या दारात लावायची की बंदरावर? बंदरावर लावली तर रात्री राखण कोण करणार? आमच्या दारात एवढी जागा कुणाकडे आहे? त्यांच्याकडे आहे, म्हणजे त्यांचीच मासळी सुकणार का? जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा तुझं छप्पर वाऱ्यात कुठे जाईल? आणि ही म्हातारी कोण? त्या हातांवर तर दहा मिनिटं गेली. एकीने तर ठामपणे सांगितलं की हे हात मासळीवालीचे नाहीतच, विळीची खूण कुठे आहे.

त्या संध्याकाळच्या प्रश्नांइतकं चांगलं परीक्षण मी कुठल्याही हॉलमध्ये ऐकलेलं नाही. तिने आजी काढून टाकली. छप्पर पावसाळ्याआधी उतरवता येईल असं केलं. राखणीच्या पाळ्यांचा खर्च अंदाजपत्रकात घातला. दोन हजार खोडून चौतीस लिहिले आणि त्या चौतीस जणींची नावं शेवटच्या स्लाइडवर टाकली, दोन रांगांत, जशी अहवालात वर्गणीदारांची असतात तशी. तीन जणींनी नाव घालू नको सांगितलं होतं, त्यांची घातली नाहीत. का नको ते तिने विचारलं आणि तेही एका ओळीत लिहिलं: दोघींना आधीच्या एका योजनेत मिळालेली शिलाई मशिनं सहा महिन्यांत परत नेली गेली होती, तिसरीला सासऱ्यांना विचारायचं होतं.

मुंबईच्या हॉलमध्ये ती स्लाइड लागली तेव्हा लोक वाचू लागले. नावं वाचायला वेळ लागतो, तिची वेळ संपल्याची घंटा झाली तरी काही जण वाचतच होते. एका परीक्षकाने विचारलं, हे स्केल कसं होणार? ती म्हणाली, पलीकडच्या गावातल्या बायका बघून गेल्यात, त्या पावसानंतर सांगणार आहेत. दुसऱ्याने विचारलं, ती तीन नावं नसलेली ओळ कशाला ठेवली? त्यावर ती काही बोलायच्या आत पुढच्या स्पर्धकाला बोलावलं गेलं. पैसे मिळाले, मागितले त्याच्या निम्मे, आणि सोबत एक अट आली, की सहामाही अहवालात किमान एका लाभार्थीची यशोगाथा फोटोसह जोडावी. तो अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आहे. मुदत ३० सप्टेंबर. फोटो कुणाचा, यावर चौतीस जणींची अजून सभा चालू आहे.